आवडती वस्तू, जवळची आठवण आणि रोजचा एक नियम

पानगळ

गेल्या रविवारी बाबांचं कपाट आवरायला घेतलं. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं, पण आजवर त्या कपाटाला हात लावायचा धीर होत नव्हता. वरच्या खणात त्यांचं मनगटी घड्याळ सापडलं. किल्ली द्यायचं, जुन्या पद्धतीचं. बंद होतं. चिमटीत धरून सहज किल्ली फिरवली आणि ते चालू झालं! मी तिथेच जमिनीवर बसले आणि कितीतरी वेळ ते कानाशी धरून ऐकत राहिले.

सेकंदाला पाच ठोके. तासाला १८,०००. हे बाबांनीच मला पाढे पाठ करून घेताना सांगितलं होतं: "पाच गुणिले साठ, पुन्हा गुणिले साठ, कर बघू." रोज सकाळी दाढी झाली की ते घड्याळाला किल्ली द्यायचे. एकदा पूर्ण किल्ली दिली की ते दीड दिवस चालायचं, पण बाबांनी दुसरा दिवस कधी उजाडू दिला नाही.

आणि त्यांचा एक नियम होता. कुठूनही निघताना एकदा मागे वळून बघायचं. गाडीच्या डब्यातून उतरताना, दवाखान्यातल्या बाकावरून उठताना, कुणाच्या घरून निघताना. छत्री, चष्मा, पिशवी, किल्ल्या राहिल्या नाहीत ना? मी पन्नाशीला आले, अजून वळून बघते. माझी एकही छत्री आजवर हरवलेली नाही.

तर मला विचारायचंय ते हे. तुमच्याकडे अशी एखादी आवडती वस्तू, तिला चिकटलेली आठवण आणि त्यातून आलेला रोजचा नियम आहे का? मोठमोठी तत्त्वं नकोत, खरोखर रोज पाळता ते सांगा. मला आपलं वाटतं की असे नियम कुणी उपदेश केला म्हणून आपल्यात उतरत नाहीत. एखाद्या आवडत्या माणसाला आपण ते करताना पाहिलेलं असतं. माणूस आवडतं म्हणून नियम टिकतो.

कोरा_कागद

सुंदर धागा. वाचनखूण साठवली. सावकाश लिहितो.

शाईचा_डाग

माझी वस्तू म्हणजे शाईचं पेन. दादाचं. तो माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. नोकरीला लागला तेव्हा त्याने ते मला दिलं आणि देताना एका वाटीत साधं पाणी घेऊन ते कसं धुवायचं ते दाखवलं. निब पाण्यात बुडवायची, पाणी आत ओढायचं, बाहेर सोडायचं, रंग जाईपर्यंत. गरम पाणी नाही, त्याने प्लास्टिकचे भाग वाकतात. निबेखाली जी जीभ असते तिच्यावर केसासारख्या बारीक खाचा असतात, शाई त्यांतून आपोआप पुढे सरकते. पेन तसंच पडून राहिलं की शाई त्या खाचांमध्ये वाळते आणि मग आपण म्हणतो, पेन खराब निघालं.

दादाचं वाक्य असं: "काम झालं की हत्यार स्वच्छ करून ठेव. उद्या सकाळी ते उचलणारा तूच आहेस."

आता मी पेनापुरतं ते ठेवत नाही. रात्री निजण्याआधी टेबल मोकळं करतो, अर्धवट राहिलेल्या कामावर पुढची पायरी एका ओळीत लिहून ठेवतो. सकाळी ती ओळ वाचली की कुणीतरी आपली काळजी घेतली आहे असं वाटतं.

दोन_ओळी

आमचे आजोबा कुणी तावातावाने दुसऱ्याची चूक सांगायला आलं की म्हणायचे, "आधी चष्मा शोधा, मग चूक शोधा." घरात चष्मा हरवणारे पाच जण, त्यामुळे अर्धी भांडणं चष्मा सापडेपर्यंतच मिटायची.

मी अजूनही रागाचा निरोप पाठवण्याआधी चष्मा पुसतो. अगदी खरंच पुसतो. तेवढ्या वेळात निम्मे शब्द खोडले जातात.

भिजपाऊस

दोन_ओळी, खूप हसले, आणि उद्यापासून मीही चष्मा पुसणार.

माझ्याकडे मामाचा स्वेटर आहे. मामा गेल्यावर मामीने दिला. मी तो एका घट्ट तोंडाच्या पिशवीत ठेवलाय आणि वर्षातून एकदाच उघडते, कारण प्रत्येक वेळी त्यातला वास थोडा कमी होतो. वास आणि आठवण यांचं नातं मेंदूच्या रचनेतच आहे. बाकीच्या इंद्रियांचे संदेश थॅलॅमस नावाच्या टप्प्यावर थांबून पुढे जातात, वासाचे मात्र त्याला वळसा घालून थेट भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांच्या शेजारी पोचतात. म्हणून वास आला की आधी गळा दाटतो आणि कशामुळे ते नंतर कळतं.

अवांतर: पहिल्या पावसाच्या वासाला इंग्रजीत 'पेट्रिकोर' हे नाव १९६४ साली मिळालं, इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी 'नेचर' नियतकालिकात लेख लिहिला तेव्हा. आपल्याकडे मृद्गंध हा शब्द आहेच, किती नेमका!

नियम: जिवापाड आवडणारी वस्तू रोज हाताळायची नाही.

किल्लीवाला

भिजपाऊसताई, स्वेटरचं ठीक आहे, पण घड्याळाला हा नियम लावू नका. मी गेली तीस-एक वर्षं घड्याळं दुरुस्त करतो.

पानगळताई, तुमचं घड्याळ चालू झालं याचा आनंद आहे, पण आता लगेच रोज किल्ली देऊ नका. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या घड्याळातलं तेल आटतं, चिकट होतं. तसंच चालवलं तर चाकांच्या आसांची टोकं झिजतात. आधी एखाद्या जाणत्या माणसाकडून उघडून, साफ करून, नवं तेल घालून घ्या. मग मात्र रोज वापरा, ठरलेल्या वेळी किल्ली द्या. किल्ली जड लागली की थांबायचं, पुढे रेटायचं नाही. पाण्यापासून जपा, जुन्या घड्याळात पाणी शिरायला फट पुरते.

माझ्या वस्तादांचा नियम: स्क्रू काढला की त्याच क्रमाने डबीत ठेवायचा. घाई असेल तेव्हा तर नक्कीच. घरातही मी तसंच वागतो.

पानगळ

किल्लीवाला, मनापासून आभार. मी खरंच तीन दिवस रोज किल्ली देत होते. आता थांबवलं.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे, २६ वर्षं झाली. घड्याळाची गोष्ट निघाली म्हणून लिहिते.

आमच्या गणवेशावर छातीशी एक घड्याळ उलटं टांगलेलं असायचं. उलटं अशासाठी की मान खाली घातली की आपल्याला ते सुलटं दिसावं आणि दोन्ही हात पेशंटसाठी मोकळे राहावेत. मनगटावर काही नको, कारण हात कोपरापर्यंत धुवायचे असतात. मला पहिलं असं घड्याळ आमच्या वॉर्डच्या मोठ्या सिस्टरनी दिलं. नाडी मोजताना पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सोय असते. सिस्टर म्हणाल्या, "ठोके एकसारखे नसतील तर गुणायचं नाही. पूर्ण मिनिट त्या माणसाच्या हातावर हात ठेवून बसायचं." नाडीसाठी शिकवलं, पण मला ते माणसांसाठी उपयोगी पडलं. ज्याचं बरं चाललंय त्याला पंधरा सेकंदांत ओळखता येतं. ज्याचं बिनसलंय त्याला पूर्ण मिनिट द्यावं लागतं.

दुसरा नियम मात्र त्यांनी बोलून शिकवला नाही. माझा तिसरा की चौथा आठवडा असेल. एका बाईंचे यजमान पहाटे गेले. त्यांना सांगायचं होतं. ज्यांनी सांगायचं ते दारातूनच दोन वाक्यं बोलून पुढच्या वॉर्डात गेले. बाई उभ्याच. काय झालं ते त्यांना कळलंच नव्हतं. मोठ्या सिस्टर आल्या, दोन स्टुलं ओढली, त्यांना बसवलं, स्वतः समोर बसल्या, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. मग नाव घेऊन, अगदी साध्या शब्दांत सांगितलं. 'गेले' म्हणाल्या. आडवळणाचा एकही शब्द नाही. आणि मग गप्प बसल्या. मी कोपऱ्यात ट्रे धरून उभी होते. त्या गप्प बसण्याची मला भीती वाटली होती, काहीतरी बोलायला हवं असं वाटत होतं. पण त्या बाईंनी जेव्हा विचारलं, "त्यांना त्रास झाला का?", तेव्हा उत्तर द्यायला तिथे कुणीतरी बसलेलं होतं.

तेव्हापासून वाईट बातमी मी उभ्याने सांगत नाही. घरीही नाही, फोनवरही नाही. फोनवर समोरच्याला आधी म्हणते, "बसा जरा." आणि मीही बसते.

शाईचा_डाग

रात्रपाळी, दोनदा वाचलं. आज घरी सगळ्यांना वाचून दाखवणार आहे.

सरळरेष

सगळे प्रतिसाद आवडले, पण मूळ मुद्द्याशी असहमत. माणूस आवडतं म्हणून नियम टिकतो हे ऐकायला छान आहे, पण नियम टिकतो तो पुन्हा पुन्हा केल्याने. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक नवी छोटी सवय पाळायला सांगितली होती. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाच्या बाबतीत अंदाज थेट २५४ दिवसांचा. एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. त्यात कुणाच्या काका-मामांचा संबंध नव्हता.

आवडीचंही तेच. रॉबर्ट झायोन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं की अर्थ नसलेले शब्द आणि अनोळखी चिन्हंसुद्धा वारंवार डोळ्यांसमोर आली की लोकांना ती अधिक चांगली वाटू लागतात. बाबांचं घड्याळ रोज दिसायचं, म्हणून आवडलं.

पानगळ

सरळरेष, रोज तर शेजारच्यांचं भिंतीवरचं घड्याळही दिसायचं. ते कसं होतं हेही मला आता आठवत नाही.

कोरा_कागद

दोघंही बरोबर असू शकता की. सुरुवात माणसामुळे होते, मग सवय तिला उचलून धरते. ६६ दिवस कुठल्यातरी कारणाने काढावे लागतातच ना? कारण म्हणजे माणूस.

बेंजामिन फ्रँकलिन यांनी तर तेरा सद्गुणांची यादी केली होती. दर आठवड्याला एका गुणावर लक्ष, वहीत रोज चुकांचे ठिपके. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार. मी एकेकाळी ते करून पाहिलं. माझं मत असं झालं की तेरा फार होतात. मी एकच ठेवला: दिलेली वेळ पाळणं. पोचायला उशीर होणार हे कळलं त्या क्षणी कळवायचं, उशीर झाल्यावर नाही. हा मला माझ्या पोहण्याच्या प्रशिक्षकांकडून मिळाला. ते पाण्यात आधीच उतरलेले असायचे.

उलटतपासणी

एक वेगळा मुद्दा. पानगळ, बाबा नेमके तसंच म्हणायचे हे कशावरून? दुखवायचं नाहीये, पण आठवण म्हणजे पेटीत ठेवलेली चीजवस्तू नव्हे. प्रत्येक वेळी बाहेर काढताना आपण ती थोडी नव्याने घडवतो.

एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग बघा. लोकांना गाड्यांच्या अपघाताची चित्रफीत दाखवली. मग काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर 'आदळल्या' तेव्हा वेग किती होता? काहींना त्याऐवजी सौम्य शब्द वापरून विचारलं. आठवड्याने पुन्हा विचारलं, फुटलेली काच पाहिलीत का? 'आदळल्या' ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण हो म्हणाले, सौम्य शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच. एका शब्दाने एवढं होतं, तर चाळीस वर्षांनी काय होत असेल?

माझा नियम याच्यातूनच आलाय: घरातल्या जुन्या गोष्टीवरून वाद झाला तर "मला असं आठवतं" म्हणायचं, "असंच झालं होतं" म्हणायचं नाही. या एका बदलामुळे माझं आणि माझ्या बहिणीचं सहा वर्षांनी पुन्हा बोलणं सुरू झालं.

भिजपाऊस

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. त्यावर सविस्तर लिहा ना कधीतरी.

पानगळ

उलटतपासणी, राग अजिबात नाही, पण झोप उडाली माझी! काल रात्री दादाला फोन केला. तो म्हणतो, मागे वळून बघायचं ते बाबांचं नव्हे, आईचं. बाबा तर सगळ्यात पुढे चालायचे. आईला विचारलं तर ती म्हणाली, "मी कशाला सांगते? तुमचे बाबाच वळायचे." आता फक्त आत्या उरली. तिला ऐकू कमी येतं, फोनवर जमत नाही. शनिवारी प्रत्यक्ष जाते.

उंबरठा

माझ्याकडे आजीच्या आवाजाची एक कॅसेट आहे. लहानपणी काकांनी टेप केली होती, त्यांनी मला देऊन टाकली. वाजवायला भीती वाटते, फीत तुटली तर? कुणाला माहीत असेल तर सांगा.

जुनी_फीत

उंबरठा, हे माझं रोजचं काम आहे. घाबरू नका, पण उशीरही करू नका. कॅसेट १९६३ मध्ये आली, म्हणजे घरोघरच्या फिती आता चाळीस-पन्नास वर्षांच्या झाल्यात.

कॅसेट हलकेच हातात धरून उघड्या बाजूने फीत पाहा. बुरशीची पांढरी पावडर दिसली तर अजिबात वाजवू नका, जाणत्याकडे द्या. स्वच्छ असेल तर चांगला प्लेअर मिळवा, त्याचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. आधी कुठली तरी बिनमहत्त्वाची कॅसेट लावून प्लेअर फीत खात नाही ना ते बघा. मग तुमची कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा पूर्ण मागे फिरवा, म्हणजे फितीचा ताण सारखा होतो. पहिल्यांदा वाजवाल तेव्हाच संगणकावर उतरवून घ्या, दाबून लहान न केलेल्या स्वरूपात. 'आधी ऐकून बघू, मग उतरवू' असं करू नका. कॅसेटच्या कडेची छोटी चौकोनी टाचण मोडलेली नसेल तर आधी मोडा, म्हणजे चुकून वर दुसरं काही टेप होणार नाही. उतरवलेल्याच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या घरात.

फोटोंचंही सांगून टाकतो, विषय निघालाच आहे तर. चिकट पानांचे जुने अल्बम असतील तर फोटो त्यांतून बाहेर काढा, तो चिकटा हळूहळू फोटो खातो. जबरदस्तीने ओढू नका. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढून उमटतो. लॅमिनेशन तर मुळीच नको. आणि नावं आजच लिहा. डाव्या बाजूची तिसरी व्यक्ती कोण हे सांगणारं माणूस घरात एकच असतं.

खिडकीपाशी

मी या मंचावर वयाने बहुधा सगळ्यांत मोठा असेन, ७८ चालू आहे. पानगळ यांच्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी एक निरीक्षण. उतारवयात माणसांना आयुष्यातल्या गोष्टी सांगायला बसवलं तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी जास्त येतात, असं स्मृतीच्या अभ्यासकांना पुष्कळदा आढळलं आहे. माझंही तसंच आहे. मधल्या चाळीस वर्षांतली नोकरी धूसर आहे, पण सतराव्या वर्षी ज्यांनी मला वाचनालयाची चावी विश्वासाने दिली त्या ग्रंथपालांच्या सदऱ्याची गुंडी आठवते.

इसवी सन १६१ ते १८० या काळात रोमचा सम्राट असलेल्या मार्कस ऑरेलियसने स्वतःसाठी ग्रीक भाषेत टिपणं लिहिली होती. त्यांचा पहिला भाग म्हणजे निव्वळ ऋणांची यादी आहे. आजोबांकडून सौम्य स्वभाव, आईकडून साधी राहणी, असं एकेकाचं नाव घेऊन. त्यातलं मला सगळ्यात भावतं ते एका तत्त्वज्ञाकडून घेतलेलं: 'मला वेळ नाही' असं वारंवार आणि गरज नसताना म्हणू नये, पत्रातही लिहू नये. साम्राज्य चालवणाऱ्या माणसाने हे जपून ठेवलं होतं!

ते वाचल्यावर मीही वही केली. आतापर्यंत चौदा नावं झाली. काही देतो. ग्रंथपालांकडून: पुस्तक मागून नेताना परतीची तारीख आपणच आधी सांगायची. पहिल्या वरिष्ठांकडून: चूक आपली असेल तर पहिल्या वाक्यात कबूल करायची, कारणं दुसऱ्या वाक्यापासून. धाकट्या बहिणीकडून: कुणी काही समजावून सांगत असेल तर मध्येच 'हे मला माहीत आहे' म्हणायचं नाही. हिच्याकडून, म्हणजे पत्नीकडून: भांडण झालं तरी दुसऱ्याची औषधं काढून ठेवायची.

ही गेल्याला चार वर्षं झाली. औषधं आता माझी मीच काढतो, पण डबी तिचीच आहे.

दोन_ओळी

काका, नमस्कार घ्या.

अबोली

बरेच दिवस नुसतं वाचतेय. लिहू की नको असं झालं होतं.

पानगळ म्हणतात, माणूस आवडतं म्हणून नियम टिकतो. मला ते लागू होत नाही. माझ्या वडिलांचा आवाज फार चढायचा. कशावरूनही. संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली की आम्ही भावंडं त्या पावलांवरून आजचा दिवस कसा जाणार ते ओळखायचो. माझी आवडती वस्तू म्हणजे एक छोटी बॅटरी. पांघरूण डोक्यावर घेऊन तिच्या उजेडात वाचायचं. बाहेर काहीही चालू असलं तरी त्या गोल उजेडाएवढी जागा माझी होती. अजून आहे ती, घसरायची कळ तुटलीय, बोटाने धरून ठेवावी लागते.

माझा नियम मी त्यांच्या उलट घेतला. माझा आवाज चढतोय असं वाटलं की मी खाली बसते. खुर्ची नसेल तर जमिनीवर. बसून ओरडणं जमत नाही, करून बघा. मुलगा लहान असताना त्याच्यासमोर अशी कितीतरी वेळा बसले. तो आता विशीत आहे. मागच्या महिन्यात त्याच्या मित्राशी फोनवर त्याचं काहीतरी बिनसलं होतं, आणि बोलता बोलता तो जमिनीवर मांडी घालून बसला. मी त्याला हे कधीच सांगितलं नव्हतं.

रात्रपाळी, तुमच्या सिस्टरांचं वाचलं तेव्हा मला स्वतःचं बसणं पहिल्यांदा नीट कळलं.

रात्रपाळी

अबोली, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. वॉर्डात चिडलेल्या नातेवाइकांसमोर मीही आधी बसते. ते का उपयोगी पडतं ते आज तुमच्यामुळे समजलं.

पानगळ

अबोली, माझं वाक्य अपुरं होतं. मी ते मागे घेते. माणूस मनात राहतं एवढंच खरं, आवडतं असो वा नसो. त्याचं पुढे काय करायचं ते आपल्या हातात असतं, आणि तुम्ही जे केलंत ते माझ्या वळून बघण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

सरळरेष

मीही माझा मुद्दा थोडा मागे घेतो. त्या मुलाने कुठे ६६ दिवस सराव केला होता?

भिजपाऊस

गतकाळाच्या ओढीला 'नॉस्टॅल्जिया' हे नाव १६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या तरुणाने वैद्यकीय प्रबंधात दिलं, तेव्हा तो आजार मानला जायचा. घरी परतणं आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून. अबोलींचं वाचून वाटलं, परत जायची ओढ सगळ्यांनाच असते असं नाही. काही जण तिथून निघून फार छान ठिकाणी पोचलेले असतात.

उंबरठा

जुनी_फीत, तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. टाचण आधीच मोडलेली होती, काकांनी तेव्हाच काळजी घेतली असणार. चाळीस मिनिटांची कॅसेट. आजी गाणं म्हणेल, काही गोष्ट सांगेल असं वाटलं होतं. सुरुवातीला खरखर, मग तिचा आवाज: "चालू झालं का रे हे? लाल दिवा लागलाय का?" काका म्हणतात हो. मग ती म्हणते, "मग आता काय बोलू?" आणि दोघंही हसतात. पुढची सगळी कॅसेट रेडिओवरचे कार्यक्रम आहेत.

अकरा सेकंद. तीन प्रती झाल्या. एक बहिणीकडे पाठवली.

जुनी_फीत

अकरा सेकंद पुष्कळ आहेत हो. लोक माझ्याकडे रिकामी निघालेली कॅसेट घेऊन रडतात.

पानगळ

काल आत्याकडे जाऊन आले. ती ८४ वर्षांची आहे. मी वहीत मोठ्या अक्षरांत प्रश्न लिहून तिच्यासमोर धरला: 'निघताना मागे वळून बघायचं हे कुणाचं?'

ती म्हणाली, "आईचं. म्हणजे तुझ्या आजीचं."

मला वाटलं, आजीच्याही छत्र्या हरवत असतील. तसं काही नव्हतं. आत्या सांगत होती: घरातून निघालं की रस्ता सरळ जायचा आणि मग डावीकडे वळायचा. मुलं सकाळी निघाली की आजी दारात उभी राहायची, ती दिसेनाशी होईपर्यंत. तिचे गुडघे दुखायचे, पण ती आत जायची नाही. शेवटी आजोबांनी मुलांना सांगितलं, "पोरांनो, वळणावर एकदा मागे बघून हात करत जा, म्हणजे ती आत जाऊन बसेल." आजी गेली तेव्हा बाबा एकोणीस वर्षांचे होते. आत्या म्हणाली की त्यानंतरही ते वळणावर थांबून मागे बघायचे. दारात कुणी नसायचं. तिने हे पाहिलं होतं, ती त्याच्या मागून यायची.

मी वहीत लिहिलं, 'मग छत्री?'

आत्या हसली. म्हणाली, "ते त्याने तुम्हाला सांगितलं असेल. पोरांना काहीतरी कारण द्यावं लागतं."

मला आठवतात ते बाबा डब्यातून उतरताना सीटखाली बघणारे, आणि तेही खरंच आहे. उलटतपासणी, तुम्ही विचारलं नसतं तर मी आत्याकडे गेलेच नसते. तुमचे आभार.

संध्याकाळी आईच्या घरून निघाले. वळणावर थांबले आणि मागे बघितलं. आई गॅलरीत उभी होती. मी हात केला. तिने हात केला आणि आत गेली.

घड्याळ सोमवारी दुरुस्तीला देतेय.

किल्लीवाला

पट्टा जुना असेल तर बदलून घ्या, पण काढलेला पट्टा दुकानात सोडून येऊ नका. घरी आणा. आणि त्यांना सांगा की आतल्या झाकणावर बारीक अक्षरांत खरवडलेल्या तारखा असतील तर पुसू नका. आम्ही लोक प्रत्येक दुरुस्तीची तारीख तिथे लिहून ठेवतो. बाबांनी ते किती वेळा आणि केव्हा साफ करून घेतलं, ते तुम्हाला तिथे वाचता येईल.